शोमरोनी कोण?

आईबाबांनो,

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या संडे स्कूलमध्ये चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चालली होती. बाहेर खोपोलीचा पाऊस. पत्र्यावर असा वाजत होता की मला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागत होतं. गोष्ट संपली आणि मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "मग या गोष्टीत आपण कोण?" आठेक वर्षांच्या एका मुलानं झटकन हात वर केला. "आपण शोमरोनी. चांगले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी "शाब्बास" म्हणाले. चाळीस वर्षं मी हेच उत्तर घेत आले आहे आणि याच उत्तराला शाब्बासकी देत आले आहे.

मग खाऊच्या वेळी तोच मुलगा शेजारच्या मुलीला आपल्या शाळेतल्या मित्राबद्दल सांगत होता. "त्याच्या डब्यातलं मी नाही खात. ते लोक तसलेच असतात."

तो मित्र कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, हे मी इथं लिहीत नाही. त्या जागी कोणाचंही नाव घाला, आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत असं एखादं घर निघेलच जिथं ते वाक्य जसंच्या तसं बसेल. आणि "तसलेच" हा शब्द आठ वर्षांच्या मुलाचा नव्हे, हे तुम्हालाही कळतं. तो त्यानं कुठंतरी ऐकलेला आहे. जेवताना, गाडीत मागे बसलेला असताना, आई फोनवर मावशीशी बोलताना, किंवा बाबा मोबाईलवर आलेलं काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवताना. आपल्याला वाटतं, पोर खेळण्यात आहे. पोर सगळं ऐकत असतं.

त्या मुलाच्या आईशी मला बोलायचं आहे. पण त्याआधी माझीच चूक मला नीट समजून घ्यायची होती. म्हणून त्या रात्री मी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा काढला. चष्मा लावून, सावकाश वाचला. आणि लक्षात आलं की गोष्ट सांगताना मी तिचा काटाच काढून टाकत आले होते.

शोमरोनी म्हणजे कोण, हे आपण मुलांना सांगतच नाही. आपल्या बोलण्यात 'चांगला' हा शब्द त्याला इतका चिकटलाय की शोमरोनी म्हणजे भला माणूस, असंच मुलांना वाटतं. येशूच्या श्रोत्यांना तसं वाटत नव्हतं. यहुदी आणि शोमरोनी एकाच मुळातले, मोशेचं नियमशास्त्र दोघांनाही मान्य. भांडण होतं ते देवाची उपासना नेमकी कोणत्या डोंगरावर करायची याचं. यहुद्यांचं मंदिर यरुशलेमात, शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावर. येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षं एका यहुदी राज्यकर्त्यानं ते गरिज्जीमचं मंदिर पाडून टाकलं होतं. त्याची सल एका बाजूला, तुच्छता दुसऱ्या बाजूला. भाऊबंदकीतलं वैर परक्यांच्या वैरापेक्षा खोल जातं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. अशा श्रोत्यांपुढं येशूनं जखमी माणसाला उचलणारा म्हणून शोमरोनी उभा केला. आपल्यातला याजक पाहून पुढं गेला, आपल्यातला लेवी पाहून पुढं गेला, आणि थांबला कोण, तर तो. शेवटी येशूनं विचारलं की या तिघांतला शेजारी कोण ठरला, तेव्हा समोरच्या शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा निघाला नाही. ज्यानं दया केली तो, एवढंच तो म्हणाला. नाव घेणंही जड गेलं त्याला.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. ही कथा सांगताना यहुदी वाईट, असं मुलांच्या मनात जाऊ देऊ नका. येशू स्वतः यहुदी. आणि आपल्या रायगडात तर यहुदी शतकानुशतकं राहिले. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंड्याचे बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवायचे, शब्बाथाला घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, नागावकर, किहीमकर. बोलणं आपल्यासारखंच मराठी. शनिवारी घाणा बंद म्हणून कोणी त्यांच्या दाराशी भांडायला गेलं नाही. हा आपल्या जिल्ह्याचा वारसा मुलांना माहीत असायला हवा.

तर माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. येशूनं ही गोष्ट आज कर्जत-खालापुरात, आपल्यासमोर बसून सांगितली असती, तर तिच्यातला शोमरोनी ख्रिस्ती नसता. आपण घरात ज्यांचं नाव आवाज खाली करून घेतो, त्यांच्यातला एखादा असता. त्या मुलापुरतं बोलायचं, तर ज्याच्या डब्यातलं तो खात नाही, तो त्याचा मित्र असता.

हे एकदा ध्यानात आलं की मुलांना शिकवायचं कामच बदलतं. दुसऱ्याला मदत कर, खाऊ वाटून खा, गरिबाला दे, हे तर आपण शिकवतोच, आणि ते चांगलंच आहे. पण देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. ज्याला आपण देतो त्याच्याबद्दल 'तसलेच' असं वाटत राहिलं तरी देता येतं. त्याच्याकडून घेताना मात्र तसं वाटून चालत नाही. दुसऱ्यातला चांगुलपणा ओळखणं, त्याचं नाव घेऊन तो मान्य करणं, त्याच्या डब्यातला घास खाणं, हे आपल्या मुलांना येतं का?

उदाहरणं दूर नाहीत. गोष्टीतला तो माणूस लुटला गेला ती यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट म्हणजे डोंगरउतार. पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत जवळजवळ हजार मीटर खाली. वळणं, कडे, लपायला जागा. आपला बोरघाट डोळ्यांपुढं आणा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना पाचशे मीटर खाली येतो आपण. लुटारू आता नाहीत, पण वेग आहे, ब्रेक निकामी झालेले ट्रेलर आहेत, पहाटेची झोप आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरचा अपघात कोणा खोपोलीकराला नवा नाही. आणि त्या रस्त्यावर रात्रीबेरात्री धावून जाणारी माणसंही नवी नाहीत. 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या गटाचं नाव आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे. आपापली नोकरी, आपापला धंदा सांभाळणारी ही माणसं. निरोप आला की निघतात. चेपलेल्या केबिनमधून माणूस बाहेर काढताना तो मराठी की मद्रासी, हिंदू की मुसलमान, हे बघायला तिथं कोणाला वेळ आहे? यांच्यातले बहुतेक आपल्या चर्चमध्ये येणारे नाहीत. शोमरोन्याची गोष्ट सांगताना मी आता या माणसांपासून सुरुवात करते.

शोमरोनी आपल्या देशाच्या कायद्यातही आहे, हे मुलांना सांगा. त्यांना फार आवडतं. जखमीला उचलायला माणसं घाबरायची, कारण नंतर पोलीस चौकी, जबाब, कोर्टाच्या तारखा. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून बंधनकारक नियम घालून दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. त्या कलमात मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' असंच म्हटलंय. म्हणजे आपला चांगला शोमरोनी. त्यानं सद्भावनेनं मदत केली आणि त्यात चुकून काही बरंवाईट झालं, तर त्याच्यावर खटला नाही. आणि आपलं नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. येशूच्या गोष्टीतल्या शोमरोन्यालाही नाव नाही, बघा.

नाव जखमी माणसालाही नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय, असं मला वाटतं. लुटारूंनी त्याचे कपडे काढून नेले, मारून अर्धमेला करून टाकला. कपडे असते तर पेहरावावरून कळलं असतं कुठला ते. बोलू शकला असता तर बोलीवरून कळलं असतं. दोन्ही खुणा गेल्या. आता तो नुसता माणूस उरला. रस्त्याच्या कडेला पडलेला.

अशाच माणसांसाठी कर्जतला एक घर आहे. वेणगावचं 'श्रद्धा'. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ जोडप्यानं १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं आणि २००६ पासून त्याचं मोठं केंद्र आपल्या कर्जतला आहे. रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण, जटा वाढलेले, अंगावर चिंध्या, उकिरड्यावर खाणारे, ज्यांना पाहून आपण मुलाचा हात धरून पलीकडच्या फुटपाथला जातो, त्यांना हे लोक आणतात. आंघोळ, औषध, जेवण. मग हळूहळू एखाद्याला आपलं गाव आठवतं. कोणी बंगालचा निघतो, कोणी तामिळनाडूचा, कोणी नेपाळचा. मग संस्थेचे कार्यकर्ते त्याला घेऊन त्याच्या दारापर्यंत जातात. अशी हजारो माणसं घरी पोचली आहेत. घरच्यांनी कधीच तेरावं घातलेलं असतं, आणि मुलगा दारात उभा. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते आपण वर्तमानपत्रात वाचलं. माझ्या मनात मात्र त्यांचा सगळ्यात पहिला रुग्ण घर करून आहे. रस्त्यावर नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्या दोघांना दिसला. उपचार झाल्यावर कळलं, तो शिकलेला, आंध्रातल्या चांगल्या घरचा मुलगा.

करवंटीनं पाणी पिताना त्याच्याकडं किती जणांनी पाहिलं असेल! याजकानंही पाहिलं होतं, लेव्यानंही पाहिलं होतं. शुभवर्तमानात तसं स्पष्ट लिहिलंय, त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं गेले.

आता तुमच्या मनातलं बोलते. मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याशी लोक कसे वागतात ते बघा की. मुलाला शाळेत विचारतात, तुम्ही बाटलेले ना, किती पैसे मिळाले? नाताळ जवळ आला की कुठं गाणी म्हणणाऱ्यांना हटकलं, कुठं सजावट मोडली, याच्या चित्रफिती फिरतात. आई म्हणून पोटात गोळा येतो. हे खोटं नाही, आणि ते गिळून गप्प बसा असं मी म्हणणार नाही. जिथं अन्याय होतो तिथं शाळेत जाऊन शिक्षकांशी बोला, गरज पडली तर तक्रार करा. तो आपला हक्क आहे.

पण घरी आल्यावर जेवायच्या वेळी मुलांसमोर काय बोलायचं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला लूकच्या नवव्या अध्यायात सापडलं. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीच्या फक्त एक अध्याय आधी. येशू शिष्यांसह यरुशलेमकडं निघालाय. वाटेत शोमरोन्यांचं एक गाव. ते गाव त्याला मुक्काम करू देत नाही. का, तर हा यरुशलेमला चाललाय. याकोब आणि योहान असे भडकतात की आकाशातून अग्नी पाडून हे गाव जाळून टाकू का, असं विचारतात. येशू वळून त्यांनाच धमकावतो आणि दुसऱ्या गावी जातो. आणि थोड्याच दिवसांनी, ज्या लोकांनी त्याला दारात उभं केलं नाही, त्याच लोकांतला एक माणूस घेऊन तो आपली सगळ्यात सुंदर गोष्ट सांगतो.

इतकी वर्षं हे दोन अध्याय मी वेगवेगळ्या रविवारी शिकवले. एकापाठोपाठ एक कधी वाचलेच नाहीत. कोणीतरी आपल्याला दुखावलं की त्या लोकांबद्दल मुलांना काय सांगायचं? त्यांच्यातल्या एखाद्या भल्या माणसाची गोष्ट सांगायची. ती शोधावी लागेल. आठवून बघा, सापडेल. तुमच्या बाळंतपणाच्या रात्री रिक्षा कोणी काढली होती? कोविडमध्ये सिलिंडर कोणी आणून दिला होता?

आपल्या डोळ्यांदेखत एका आईनं हे करून दाखवलं आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दहा आणि सहा वर्षांचे दोन मुलगे गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांच्याजवळ उरली तेरा वर्षांची एस्थर. त्या आईनं क्षमा केली असं जगाला सांगितलं, आणि त्याहून मोठं म्हणजे ती लगेच निघून गेली नाही. बारीपाद्याचं कुष्ठरोग्यांचं काम ती पुढं पाच वर्षं सांभाळत राहिली. न्यायालयानं आपलं काम केलं, गुन्हेगाराला शिक्षा झाली. क्षमा म्हणजे न्यायाला सोडचिठ्ठी नव्हे. पण त्या घरात एस्थरनं ओडिशाच्या लोकांबद्दल 'ते तसलेच' हे वाक्य ऐकलं नसणार, असं मला फार वाटतं. असलं वाक्य ज्या घरात रोज बोललं जातं, तिथली आई त्याच लोकांच्या जखमा धूत राहू शकत नाही.

बरं, आता डब्याच्या प्रश्नाकडं येते, कारण तो दिसतो तितका सोपा नाही. गणपतीत शेजारच्या काकू प्रसाद आणून देतात. ईदला शीरखुर्मा येतो. काही घरांत सगळं चालतं, काही घरांत देवापुढं ठेवलेलं चालत नाही. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीतही याच प्रश्नावरून वाद झाले आणि पौलानं त्यांना त्यावर बरंच लिहिलं. कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, समोर ठेवलेलं चौकशा न करता खा, असं तो म्हणतो. मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सद्सद्विवेकासाठी थांबा, असंही म्हणतो. प्रत्येक घरानं प्रार्थना करून आपापलं ठरवावं. मी त्यात लुडबुड करणार नाही. मला काळजी आहे ती नाही म्हणण्याच्या रीतीची. "काकू, प्रसाद आम्ही घेत नाही, पण तुमच्या हातच्या करंज्या द्या ना," असं म्हणणारं मूल आणि नाक मुरडून "आमच्यात चालत नाही" म्हणणारं मूल, दोघंही प्रसाद घेत नाहीत. काकूंना मात्र दोघांतला फरक वर्षभर आठवतो. आरतीला हात जोडायचे नसतील तर नका जोडू. पण त्यांच्या घरी जाऊन बसा, मूर्ती किती सुरेख झालीय ते सांगा, मुलांना तिथं खेळू द्या.

आणि भांड्यांचं काय?

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनातल्या एका विहिरीवर दमून बसलाय आणि पाणी भरायला आलेल्या बाईकडं पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांची भांडी वापरत नसत. जगाचा तारणारा तिच्या घागरीतलं पाणी मागतो. तिला काही देण्याआधी तो तिच्याकडं मागतो.

हा भाग वाचला की मला आमच्या मागल्या दारातला एक स्टीलचा पेला दिसतो. आमच्याकडं जूनच्या पहिल्या पावसानंतर वाडीवरची एक कातकरी बाई शेवळं घेऊन यायची, मग टाकळा, श्रावणात करटुली. उन्हातान्हातून चालत यायची, पाणी मागायची. तिचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असे. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती एकदा म्हणाली, "आई, तिला या पेल्यात का? आत चांगले आहेत की." मी म्हणाले, "तो तिचा आहे." मुलगी गप्प बसली. तिला उत्तर मिळालं होतं.

आमचं मूळ गाव नगरकडं. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती. वरून कोणी ओंजळीत पाणी ओतील तेव्हा प्यायचं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यामागं त्या ओंजळीचं दुःख होतं. आणि तीन पिढ्यांनी त्यांच्या पणतीनं खोपोलीत कट्ट्यावर वेगळा पेला ठेवला. मला कोणी तसं शिकवलं नव्हतं. शेजारच्या सगळ्या घरांत तसंच होतं, म्हणून आमच्याकडंही झालं. अशीच ही गोष्ट घरात शिरते.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्या घरात असेल तर काढा, नसेल तर आणा. ज्या वडिलांना सोवळ्याचा असा ध्यास होता की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, त्यांची ही लेक. तिचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती कोलमडून गेली. पुढं नवऱ्याजवळ राहायला आली तरी कितीतरी दिवस तिचं सोवळं तसंच होतं. मग एके दिवशी विचार करता करता तिला कळून चुकलं की जातिभेद देवानं केलेला नाही, आणि तिनं ते टाकून दिलं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. भेद आधी गेला, बाप्तिस्मा मागून आला. आपल्या मंडळ्यांत आजही लग्न जमवताना हळूच पूर्वीची जात विचारली जाते. आपल्यात बाप्तिस्म्याचं पाणी खरोखर कोणात कुठवर झिरपलंय, हे ज्याचं त्यानं पाहावं.

इर्शाळवाडीबद्दल बोलल्याशिवाय मला हे पत्र पुरं करता येणार नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. इर्शाळगडाखालची ती ठाकरवाडी, २२८ माणसांची. दरड आली ती माणसं झोपेत असताना. वर गाडीरस्ता नाही, यंत्रं चढेनात, पाऊस थांबेना. चिखलात कुदळ-फावड्यानं उकरत होती माणसं. आपल्या खोपोलीची पोरं, ट्रेकिंग करणारी मंडळी वाट दाखवायला आणि ओझी वाहायला रात्रीच निघाली होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो चढ चढतानाच गेले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण मिळालेच नाहीत. २३ जुलैला शोध थांबला. आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली, त्यांचे आईबाप गेले.

त्या चार दिवसांत चौक गावाच्या बाजूला कोणी कोणाची जात विचारल्याचं मी ऐकलं नाही. आम्ही बायकांनीही भाकऱ्या बांधून दिल्या. इर्शाळवाडी सगळ्यांची झाली होती. माझी नात त्या दिवसांत रोज प्रार्थनेत तिथल्या मुलांसाठी मागायची.

पुढल्या हिवाळ्यात बाजारात एक ठाकरीण पावटे विकत होती. घासाघीस करताना आमच्यातलीच एकजण म्हणाली, "यांना काय, फुकटचंच मिळतं सगळं." माझी नात माझा हात धरून उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

तेव्हाही मी काही बोलले नाही. भिडेखातर. पावट्याचे सांगितले तेवढे पैसे दिले आणि घरी आले. रात्री नातीला जवळ घेऊन सांगितलं की त्या मावशी जे बोलल्या ते चूक होतं, आणि आजी गप्प राहिली ते त्याहून चूक होतं. मुलांपुढं आपली चूक कबूल करायला मला या वयात जमलं. तुम्ही तिशी-चाळिशीत आहात, तुम्हाला आत्ताच जमेल.

येत्या रविवारी त्या मुलाची आई भेटली की तिला मी रागावणार नाही. माझ्या पेल्याची गोष्ट सांगणार आहे. आणि त्या मित्राला एकदा घरी जेवायला बोलाव, पुढच्या वेळी तुझ्या मुलाला त्याच्या घरी जेवायला पाठव, एवढं तिच्याकडं मागणार आहे. दोन्ही करायचं. नुसतं बोलावून भागणार नाही.

तुमच्याकडंही माझं मागणं आहे. जून लागला की शेवळं घेऊन कोणीतरी तुमच्या दारात येईल. मुलाला पाणी द्यायला पाठवा, आणि पेला आतल्या मांडणीवरचा, तुम्ही स्वतः पिता तो, घेऊन जायला सांगा. तिचं नाव विचारायला सांगा. ती परत जाताना त्यानं तिला नावानं हाक मारावी.